दिवसभर नुसतं बोलायलोय, काम कधी करायचं?

करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या, जुळे सोलापुरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करणाऱ्या पस्तिशीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्याचं हे वाक्य. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अकरा वर्षं जावामध्ये गेलेली, कंपनीचं पेमेंट मॉड्यूल जवळजवळ त्यांनीच उभं केलेलं. चार महिन्यांपूर्वी ते इंजिनिअरिंग मॅनेजर, म्हणजे डेव्हलपरांची टीम सांभाळणारे, झाले. टीममध्ये सात जण: पाच पुण्यात, दोन बंगळुरूत. त्यांची चिंता दुहेरी होती. संध्याकाळी लॅपटॉप मिटताना आज आपण काहीच केलं नाही असं वाटायचं. आणि हातातला कोड सुटला तर दोन वर्षांनी बाजारात आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती. सोबत आलेल्या पत्नीचं म्हणणं थोडक्यात होतं: "रात्री दीड-दोन वाजेपर्यंत ह्यांच्या खोलीतला दिवा चालूच असतो."

"हे पद ठेवू की सोडू?" असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. या प्रश्नाला तेव्हा उत्तर देऊ नये. झोप पाच तासांवर आलेली असताना घेतलेला निर्णय कामाबद्दल कमी आणि थकव्याबद्दल जास्त असतो. आधी वेळ कुठे जातो ते पाहायचं. त्यांना दोन आठवडे एका वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगितली. रकाने चार: टीममधल्या माणसांसाठी गेलेला वेळ, निर्णय आणि आखणी, इतर टीम व क्लायंटशी समन्वय, स्वतःचं कोडिंग.

वहीतलं चित्र बोलकं होतं. आठवड्याचे एकूण तास साठच्या घरात. त्यातले पंचवीस मीटिंगचे, अमेरिकेतल्या क्लायंटचा संध्याकाळी साडेसातचा कॉल धरून. कोडिंग सोळा तास, आणि त्यातलं बहुतेक रात्री दहानंतर. माणसांच्या रकान्यात मात्र जेमतेम दीड तास. सात जणांशी दर आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र बोलायचं म्हटलं तरी साडेतीन तास लागतात. हे वन-ऑन-वन कॅलेंडरवर लावलेले होते, पण दोन आठवड्यांतल्या चौदांपैकी नऊ रद्द झालेले. कारणाच्या जागी प्रत्येक वेळी एकच शब्द: "रिलीज", म्हणजे नवा कोड ग्राहकांसाठी चालू करण्याची घाई.

वहीत एका गुरुवारची नोंद होती, ती इथे सविस्तर सांगते, कारण सगळी गुंतागुंत तिच्यात आहे. दीड वर्षाचा अनुभव असलेल्या एका मुलीनं संध्याकाळी सहाला रिफंडच्या कामाची पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे आपला कोड तपासून मुख्य कोडमध्ये घ्यावा अशी विनंती. साधारण चारशे ओळी. चूक अशी की पेमेंट गेटवेचं उत्तर उशिरा आलं तर तीच विनंती पुन्हा जायची, म्हणजे ग्राहकाला दोनदा पैसे परत. चूक गंभीर, पण शिकवण्याजोगी. ह्यांनी एकही टिप्पणी लिहिली नाही. रात्री पावणेदोनपर्यंत बसून निम्मा कोड स्वतः बदलला आणि मुख्य कोडमध्ये मिसळला (मर्ज केला). सकाळी त्या मुलीनं "थँक यू सर" लिहिलं. पुढच्या आठवड्यात तिनं तशीच चूक दुसऱ्या ठिकाणी केली. आणि करणारच ना! आधीची चूक नेमकी काय होती हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात पाच पुल रिक्वेस्ट दोन-दोन दिवस पडून होत्या. टीमचा नियमच तसा झाला होता: शेवटची मान्यता सरांची. सर दिवसभर मीटिंगमध्ये, म्हणून पाच जण थांबलेले. रात्री जागून एका माणसाचं काम ओढायचं आणि दिवसा पाच जणांचं अडवायचं, असा हा तोट्याचा व्यवहार होता. आपण टीमवरचा भार हलका करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, म्हणून आकडे समोर मांडल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

"काही केलंच नाही" ही भावना का येते, तेही समजून घ्यायला हवं. तो आळस नाही आणि नालायकीही नाही. कोडमध्ये केलेल्या कामाची पावती दोन मिनिटांत मिळते: टेस्ट हिरव्या झाल्या, बिल्ड पास. अकरा वर्षं मन त्या पावतीला सरावलेलं असतं. मॅनेजरच्या कामाची पावती सहा-आठ आठवड्यांनी येते. एखाद्याशी आज नीट बोललात, तर तो दीड महिन्यानं एखादं डिझाइन स्वतःहून मांडतो. त्या दिवशी तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. त्यांचे वडील पॉवरलूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग चालू राहतील हे पाहणारे. आज तू किती टॉवेल विणलेस असं जॉबरला कुणी विचारत नाही, किती माग बंद राहिले ते विचारतात. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "होय की, बाबा दिवसभर फिरतच असायचे," एवढंच म्हणाले.

मग बदल ठरवले, आठ आठवड्यांसाठी. रात्री दहानंतर कोड पूर्ण बंद. पेमेंट मॉड्यूलमध्ये शेवटची मान्यता देण्याचा अधिकार दोन अनुभवी डेव्हलपरना, आणि पुल रिक्वेस्टवर चार कामाच्या तासांत पहिली टिप्पणी आलीच पाहिजे असा टीमचा नियम. ह्यांनी स्वतः बघायचं ते दोनच ठिकाणी: पैशांचा हिशेब बदलत असेल किंवा डेटाबेसची रचना बदलत असेल तर. तिथेही फक्त टिप्पणी लिहायची, कोड दुरुस्त करायचा तो लिहिणाऱ्यानंच.

कोडिंग अजिबात सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. पण पहिले काही महिने स्प्रिंटच्या, म्हणजे एक-दोन आठवड्यांसाठी आखलेल्या कामांपैकी, ज्यावाचून इतरांचं अडतं अशा कामात मॅनेजरनं हात घालू नये. दोन मीटिंगच्या मधे त्याला चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात जम बसतो न बसतो तोच उठावं लागतं, काम रेंगाळतं आणि त्यावर अवलंबून असलेले सगळे अडकतात. मग करायचं काय? कधी पास कधी नापास होणाऱ्या टेस्ट दुरुस्त करणं, लॉगचा डॅशबोर्ड नीट करणं, टीमला रोज लागणारी एखादी स्क्रिप्ट लिहिणं. उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही अशी कामं. प्रोजेक्ट आपल्या मशीनवर बिल्ड होत राहील एवढं पाहायचं, डिझाइनची कागदपत्रं शेवटपर्यंत वाचायची, आणि आठवड्यात एक तरी प्रॉडक्शनमधला बिघाड मुळापर्यंत समजून घ्यायचा. तांत्रिक पकड टिकते ती यानं.

वन-ऑन-वनबद्दल जरा जास्त सांगते, कारण बहुतेक नवे मॅनेजर तिथे स्टेटस विचारतात. स्टेटस जिराच्या (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बोर्डावर दिसतं, त्यासाठी माणसाला अर्धा तास बसवायचं कारण नाही. विषय समोरच्यानं आणायचा. त्याच्याकडे काही नसेल तर विचारायचं: या आठवड्यात कुठे अडकलास? माझ्याकडून कोणता निर्णय बाकी आहे? पुढच्या सहा महिन्यांत कसलं काम करायला आवडेल? मग थांबायचं. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. चांगले डेव्हलपर असलेल्या नव्या मॅनेजरना ती शांतता सहन होत नाही आणि ते स्वतःच उपाय सांगू लागतात. शेवटी दोघांना दिसणाऱ्या एका नोंदपत्रात दोन ओळी: तू काय करणार, मी काय करणार. वेळ जमत नसेल तर भेट पुढे ढकलावी, रद्द करू नये. तीनदा रद्द झाली की समोरचा बोलायचं सोडतो. आणि नंतर कळतं ते थेट राजीनाम्याच्या मेलमधून, नोटीस पिरियड सुरू झाल्यावर.

सगळ्यात अवघड गाठ होती मित्राची. सोलापुरातल्याच कॉलेजचा बॅचमेट, आता त्यांच्याच टीममध्ये, एकमेकांना अरे-तुरे करणारे. मित्र तारखा चुकवत होता आणि हे चार महिने गप्प. अशा वेळी माणसं अप्रेझलपर्यंत साठवून ठेवतात आणि तिथे एकदम काढतात. मग समोरच्याला तो विश्वासघात वाटतो, आणि त्याचं चुकतही नाही. बोलायचं ते घटनेनंतर एक-दोन दिवसांत, एकट्यात, आणि तीनच गोष्टी: काय घडलं, त्यानं काय झालं, आणि एक प्रश्न. "मंगळवारी एपीआयमधला बदल न सांगता गेला. टेस्टिंगची दोघं दिवसभर थांबली. काय झालं होतं?" वाक्यात "नेहमी" नको, "बेजबाबदार" नको. हे वाक्य त्यांच्याकडून माझ्यासमोर तीनदा म्हणवून घेतलं, कारण पहिल्या दोन खेपेला त्यांनी सुरुवातीलाच माफी मागितली होती. प्रत्यक्ष बोलणं फोनवर नको असं ठरलं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन समोरासमोर बोलले. मित्राच्या घरी आजारपण होतं. कामाची विभागणी बदलली, तारखा दोघांनी मिळून नव्यानं ठरवल्या. घरून टीम चालवणाऱ्यानं महिन्यातून एखादी फेरी अशाच कामासाठी राखून ठेवावी. प्रगतीचा आढावा व्हिडिओ कॉलवरही होतो.

आता बाजाराची धास्ती. ती निराधार नाही. 2023 मध्ये मेटानं व्यवस्थापनाचे थर कमी केले आणि अनेक मॅनेजरना पुन्हा डेव्हलपरचं काम घ्यायला सांगितलं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये अॅमेझॉननंही मॅनेजरच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान 15 टक्क्यांनी वाढवायचं जाहीर केलं. पण दुसरी बाजूही आहे. गुगलनं 2002 च्या सुमारास इंजिनिअरिंग मॅनेजर काढून टाकून पाहिले होते. खर्चाच्या मंजुरीपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट वरपर्यंत जाऊ लागलं आणि काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे त्याच कंपनीनं आपल्या चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या आठ गुणांत पहिला होता माणसांना घडवणं. तांत्रिक कौशल्य यादीत होतं, पण आठवं. म्हणजे ते लागतंच, पण केवळ त्यावर हे पद निभत नाही. नोकरी बदलायची वेळ आली तर नव्या मुलाखतीत विचारतात तेही हेच: किती जणांची टीम होती, कोण तुमच्या हाताखाली वर गेलं, कोणता अवघड निर्णय घेतलात आणि का. म्हणून दर शुक्रवारी तीन ओळी लिहायची सवय त्यांना लावली: कुणाचं अडलेलं काम सुटलं, कोणता निर्णय झाला, काय लांबलं. "काहीच केलं नाही" याला उत्तर म्हणून ती वही कामी आली.

झोपेकडे मी वेगळं लक्ष ठेवलं होतं. रात्रीचं काम थांबवूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, जेवण तुटलं, कशातच रस उरला नाही, तर तो करिअरचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी 14416 वर चोवीस तास मराठीतूनही बोलते. यांच्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यापासून झोप साडेसहा तासांवर आली.

आठ आठवड्यांनी मूळ प्रश्न पुन्हा घेतला. ताण उतरल्यावरही कुणाशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येत असेल आणि कोड उघडल्यावरच जीव भांड्यात पडत असेल, तर परत फिरावं. स्टाफ इंजिनिअर, प्रिन्सिपल इंजिनिअर ही टीम न सांभाळता तांत्रिक कामातच वर जाण्याची वाट अनेक कंपन्यांत आहे आणि पगारही तोडीस तोड असतो. त्यांच्या बाबतीत तसं नव्हतं. त्या मुलीनं रिफंडचं पुढचं डिझाइन स्वतः मांडलं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. तरी कायमचा शब्द द्यायची घाई नको म्हणून त्यांनी आपल्या वरिष्ठांना मेल लिहून चार गोष्टी विचारल्या: टीम किती जणांपर्यंत वाढेल, टीमच्या अप्रेझलमध्ये आणि भरतीत माझा शब्द किती, तांत्रिक वाद झाला तर अंतिम निर्णय कुणाचा, आणि वर्षभरात डेव्हलपरच्या कामाकडे परतलो तर लेव्हल आणि पगार तोच राहील का. खरं तर हे बढती स्वीकारण्याआधी विचारायचं असतं. पहिल्या तिन्हींची उत्तरं लेखी आली. चौथ्यावर एचआरशी बोलणं चालू आहे. ते एप्रिलच्या अप्रेझलआधी लेखी मिळवायचं, असं ठरलं आहे.