सुयांचा उपचार : सातारा-सांगलीच्या वाचकांचे प्रश्न

ॲक्युपंक्चरविषयी या दोन जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची ही उत्तरं. चालू औषधं परस्पर बंद करायची नाहीत, हे प्रत्येक उत्तरात धरूनच चाला.

प्रश्न : वय ६७. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. पूर्वी रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचो, आता जिना उतरतानाही कठडा धरावा लागतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या सांधा बदलावा लागेल. सुयांनी ऑपरेशन टळेल का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : झिजलेली कूर्चा सुयांनी भरून येत नाही. उपचारानंतरही एक्स-रे तसाच दिसेल. कमी होऊ शकते ती वेदना. ती सोसण्याइतकी झाली तर ऑपरेशनचा निर्णय घाईत घ्यावा लागत नाही. ‘ऑपरेशन नक्की टळेल’ अशी हमी कोणी देत असेल, तर त्या दारातूनच परत फिरा.

फायदा किती, याचा अंदाज जर्मनीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीवरून येतो. तिच्यात सुमारे हजार गुडघेदुखीचे रुग्ण होते. २६ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता. बिंदू सोडून दुसरीकडेच वरवर टोचलेल्यांमध्ये तो आकडा ५१ टक्के होता, आणि सुयांशिवाय नेहमीचे उपचार घेतलेल्यांमध्ये २९. म्हणजे सुया घेणाऱ्यांना बरं वाटतं हे खरं, पण नेमक्या बिंदूचं महत्त्व सांगितलं जातं तेवढं नसावं. जर्मनीत गुडघ्यासाठी या उपचाराचा खर्च आरोग्य विमा देतो. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना मात्र सांध्यांच्या झिजेसाठी तो देऊ नका म्हणतात. आमचं मत असं, की वेदनाशामक गोळ्या पोटाला किंवा मूत्रपिंडाला सोसत नसतील आणि खर्च झेपत असेल, तर एकदा ठरावीक मुदतीपुरता हा उपचार करून बघायला हरकत नाही.

पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास धरा. बराच वेळ विचारपूस, नाडी आणि जीभ पाहण्यात जातो. सैल पायजमा घालून जा. उताणं झोपवून गुडघ्याखाली लोड देतात. सुया साधारण सहा ते दहा : वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना असलेल्या खळग्यांत, वाटीखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या आतल्या बाजूला वर, आणि कधी पावलावरही. सुई साधारण पाव मिलिमीटर जाड, भरीव असते. इंजेक्शनची सुई तिच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि पोकळ. म्हणून टोचताना मुंगी चावल्याइतकंच कळतं. मग जागा जड होते, आतून ठणकते किंवा मुंग्या येतात, ते अपेक्षितच असतं. विजेचा झटका बसल्यासारखी कळ पायात गेली तर मात्र लगेच सांगा, सुई मज्जातंतूजवळ गेलेली असते आणि ती थोडी मागे घ्यावी लागते. सुया वीस ते तीस मिनिटं ठेवतात. त्यांना चिमटे लावून सौम्य वीजप्रवाहही देतात. पेसमेकर असलेल्यांनी तो घेऊ नये.

घरी आल्यावर झोप येईल, अंग सैल वाटेल. एखादा निळा डाग पडेल. काहींचं दुखणं दिवस-दोन दिवस वाढतं आणि मग उतरतं. आठवड्याला एक-दोन बैठका, एकूण आठ ते दहा, असा साधारण क्रम असतो. सुरू करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा : दहापैकी दुखणं किती, न थांबता किती पायऱ्या उतरता येतात, आठवड्यात गोळ्या किती लागतात. सहाव्या बैठकीनंतर पुन्हा लिहा. तिन्हींत काहीच हललं नसेल तर थांबा. ‘अजून दहा घ्या, मग गुण येईल’ याला अर्थ नाही.

रक्त पातळ करणारी गोळी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर बारीक सुया सहसा चालतात. वॉरफेरिन असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त किती हळू गोठतं हे दाखवणाऱ्या तपासणीचा, ताजा अहवाल दाखवा, सुया उथळ ठेवायला सांगा आणि काढल्यावर मिनिटभर कापूस दाबून धरा. सुयांसाठी गोळी बंद करू नका.

मांडीचा व्यायाम सोडला तर सुयांचा उपयोग टिकणार नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबा, सैल सोडा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. काठी डाव्या हातात धरा, कारण दुखरा पाय उजवा आहे. बहुतेक जण दुखऱ्याच बाजूला धरतात आणि सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. अजिंक्यतारा तूर्त राहू द्या. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याच्या वाटीवर जास्त ताण येतो. सपाट रस्त्यावर चाला.

प्रश्न : द्राक्षबागेत विरळणीला जातो. दिवसभर मान वर आणि हात वर. आमच्यातल्या बऱ्याच बायकांची मान आणि खांदे आखडलेत. एकीला फिजिओथेरपिस्टनं सुया टोचल्या, पण ते ॲक्युपंक्चर नाही म्हणाले. फरक काय? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : सुई तीच, विचार वेगळा. फिजिओथेरपिस्ट करतात ते ड्राय नीडलिंग. स्नायूत आखडून बसलेली दुखरी गाठ चाचपून शोधायची, तिच्यात सुई खालीवर हलवायची, स्नायू एकदम फडफडतो आणि सैल होतो. सुई फार वेळ ठेवत नाहीत. नंतर दोन दिवस तो भाग दुखतो. ॲक्युपंक्चरमध्ये मानेबरोबर हात-पायांवरचे बिंदूही घेतात आणि सुया ठेवून देतात. मानेच्या जुन्या दुखण्यावर दोन्हींनी काही काळ आराम मिळतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. मान आणि खांदा यांच्यामधल्या मांसल भागाखाली फुप्फुसाचं टोक असतं. तिथे सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साचू शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं. अंगाने बारीक असलेल्या बाईत हे अंतर आणखी कमी. जाणकार माणूस तिथला स्नायू चिमटीत उचलून सुई आडवी घालतो. सुया घेतल्यानंतर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीही, दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं किंवा कोरडा खोकला आला तर थेट दवाखाना गाठा आणि मान-खांद्यात सुया घेतल्या होत्या हे आधी सांगा.

हाताला मुंग्या, बोटं बधिर, कात्री धरवत नाही किंवा चालताना तोल जातो, असं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. मणक्यात नस दबली असेल तर सुया घेत बसण्यात वेळ जातो. बाकीच्यांसाठी, दर अर्ध्या तासाला हात खाली सोडून खांदे मागे फिरवा आणि उंच मांडवाखाली पाट किंवा स्टूल घ्या. हात खांद्याच्या रेषेत आले की निम्मा ताण तिथेच उतरतो. सुयांनी सैल झालेली मान दुसऱ्या दिवशी त्याच कामाने पुन्हा आखडणार, हे टाळायचं तर एवढं करावंच लागेल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. महिन्यातून पाच-सहा वेळा अर्धशिशी उठते. सुया कधी घ्यायच्या, डोकं दुखत असताना का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : दुखत नसताना. अर्धशिशीत सुयांचा आधार आहे तो झटके कमी करण्यासाठी, आणि तो बऱ्यापैकी भक्कम आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिबंधक गोळ्यांचा उपयोग होत नसेल तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या आहेत. आधी महिनाभर कॅलेंडरवर दुखण्याचे आणि गोळी घेतल्याचे दिवस खुणा करा. साधी वेदनाशामक महिन्यात पंधरा दिवस, किंवा ट्रिप्टान गटातली (खास अर्धशिशीची) अथवा एकाहून जास्त औषधं असलेली मिश्र गोळी दहा दिवस लागत असेल, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवत असते. आधी डॉक्टरांच्या मदतीने ती कमी करावी लागेल.

बैठकीला उपाशी जाऊ नका. संकष्टी किंवा एकादशीच्या उपवासाचा दिवस टाळा. रिकाम्या पोटी सुया घेतल्या की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर सुया लगेच काढून पाय उंच करून झोपवतात. दोन तास आधी हलकं खा, पहिली बैठक झोपून घ्या आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवत परतू नका.

प्रश्न : आईची मिरजेत केमोथेरपी चालू आहे. मळमळीवर सुया चालतील का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : उपयोग होतो, पण केमोच्या दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, तेव्हा टोचणं म्हणजे जंतुसंसर्गाला आणि रक्तस्रावाला वाट. कर्करोगाच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून हो म्हटलं तरच. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई नकोच.

न टोचता दाबायचा उपाय घरी करता येतो. तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून आईचीच तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधल्या दोन शिरांसारख्या दोऱ्यांमध्ये, तो बिंदू आहे. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, मग दुसऱ्या हाताला. जेवणाआधी आणि मळमळ सुरू होताच. मळमळीच्या गोळ्या मात्र वेळेवर द्यायच्याच.

प्रश्न : सुयांनी साखर आणि थायरॉइडच्या गोळ्या सुटतात, असं एका शिबिरात सांगितलं. (एक वाचक, विटा)

उत्तर : सुटत नाहीत. इन्सुलिन बंद केल्याने जीवावर बेतू शकतं. साखर जास्त आणि पाय बधिर असेल तर पावलाला सुयाही नकोत. जखम कळत नाही आणि चिघळते.

प्रश्न : हा उपचार सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणला ना? (एक वाचक, वाई)

उत्तर : नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक रुग्णाच्या सुया नाव लिहिलेल्या नळीत ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच वापरतात. आपल्याच आहेत म्हणून चालेल का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : चालणार नाही. स्पिरिटमध्ये बुडवून सुई निर्जंतुक होत नाही, आणि नळ्यांची अदलाबदल व्हायला एक गडबडीची सकाळ पुरते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असेच पसरतात. शिवाय पुन्हा पुन्हा वापरून सुईचं टोक वाकतं, मग ती जास्त दुखते.

सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावरची मुदत बघा. वापरलेली सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हवी, कचऱ्याच्या बादलीत नाही. किती टोचल्या आणि किती काढल्या हे दोघांनीही मोजा. केसांत आणि कानामागे एखादी राहून जाते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर ते टोचण्याआधी सांगा. आतापर्यंत नळीतल्या सुया घेतल्या असतील तर तिन्ही रोगांची रक्ततपासणी करून घ्या. शेवटच्या बैठकीला तीन महिने झाले नसतील तर ते पूर्ण झाल्यावर ती पुन्हा एकदा करा.