काकूंचा नकार आणि तुमच्या लहानपणचा गणपती

पत्र:
ताई, मी ५२ वर्षांचा, राहायला डोंबिवलीत. कणकवलीजवळ आमचं चार भावांचं सामाईक घर आहे. लहानपणी गणपतीला तीस-पस्तीस माणसं जमायची. सगळ्यात मजेचं वर्ष १९८२चं. तिन्ही काका गिरणीत होते, पण त्या वर्षी ते कितीतरी महिने गावीच होते. एवढं भरलेलं घर मी पुन्हा पाहिलं नाही. आता तिथे फक्त धाकटी काकू असते, वय ७४. तिने निरोप दिलाय, "माका आता झेपणा नाय. गणपती दीड दिवसाचो करा, नायतर मुंबैक न्या." बायको काकूच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी माझी मुलंही कंटाळून मोबाईल घेऊन पडवीत बसली. मला मिळालं ते मुलांना देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. काय करू?

उत्तर:
दादा, तुमचं दुःख मला समजतं. पण पत्रातल्या १९८२पाशी मी थांबले. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर होते, आणि बिनपगारी मुंबईत राहणं परवडेना म्हणून त्यांतले कितीतरी जण गावी परतले. तुमचे काका बहुधा त्यांच्यातलेच असणार. कोकणातली कितीतरी घरं तेव्हा मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत, आणि संपात तीच थांबली होती.

तरी मोदक झाले, काळ्या वाटाण्याचं सांबार झालं, भजनं रंगली, मुलांच्या ताटात काही कमी पडलं नाही. ते कसं निभावलं, हे तुमच्या आई-काकूच सांगू शकतील. वाण्याची उधारी असेल, एखादा दागिना गेला असेल. धाकट्या काकू तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या. तुमची आठवण खोटी नाही. मोठ्यांनी काळजी माजघरात ठेवली आणि मुलांना खळ्यात, म्हणजे अंगणात, मोकळं सोडलं, म्हणून ती इतकी गोड राहिली.

आता काकूंच्या निरोपाकडे पुन्हा बघा. त्या देवाला नको म्हणत नाहीत. तुम्ही सगळे आदल्या दिवशी पोचता आणि विसर्जन झालं की परतता. त्याआधी पावसाळाभर बंद असलेल्या खोल्या उघडायच्या, बुरशी पुसायची, अंथरुणं त्या ओल्या हवेत वाळवायची, खळ्यातलं गवत काढायचं, कोरडी लाकडं जमवायची. आणि सगळे गेल्यावर पुन्हा तेच उलट्या क्रमाने. ७४व्या वर्षी हे एकट्या बाईवर पडतं. तुमच्या पत्नीला ते दिसलं, कारण चुलीपाशी ती असते. तिचं ऐका.

मुलांचं मात्र मला वेगळं वाटतं. त्यांना कंटाळा आला, कारण ती पाहुणी म्हणून आली होती. तुम्ही लहान असताना कुणी तुमचं मन रमवत नव्हतं. तुम्हाला कामं होती. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळं-पानं बांधून सजवायच्या चौकटीसाठी, काकांच्या मागून रानात जायचं, कवंडाळं, हरणं, शेरवड शोधायची, सुपारीचं शिपटं कोण आणतो यावर भांडायचं. यंदा माटवी पूर्ण मुलांकडे सोपवा. गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांबरोबर त्यांना रानात पाठवा, भिजू द्या, चुकीचं फळ आणलं तर आणू द्या. आरतीला टाळही त्यांच्याच हातात असू देत.

आणि काकूंना फोन तुम्ही स्वतः करा. पुतण्यांच्या ग्रुपवर हा विषय टाकू नका. "गणपती करायचा ना?" असं विचारलंत तर त्या संकोचाने हो म्हणतील आणि पुन्हा मोडून पडतील. "काकी, तुका नेमका काय झेपणा नाय?" असं विचारा, आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. संपाच्या वर्षाचंही विचारा. त्या सांगतील ते मुलांना ऐकवा. तुमच्याइतकंच त्यांनाही ते कळायला हवं.

मग भावंडांत कामं ठरवा. दोघांनी आठवडाभर आधी जाऊन घर उघडायचं आणि दोघांनी शेवटी राहून आवरायचं, त्यात पुरुषही हवेत. भांडी पुरुषांनी घासायची, हे मी आग्रहाने सांगते. भाकऱ्या-घावण्यांसाठी गावातली बाई मोलाने ठेवा. तो खर्च ज्याची पाळी आहे त्याच्या एकट्यावर न घालता सगळ्यांत वाटा. दिवस कमी करायचे ठरले तर देवाला रीतसर गाऱ्हाणं घालून, म्हणजे त्याला सांगून-विनवून, करा. कितीतरी घरांनी अकराचे पाच केले आहेत. घराच्या वाटणीचा विषय त्या दिवसांत कुणी काढला तर तिथेच थांबवा, त्यासाठी मे महिना आहे.

एवढं होऊनही काकू दीड दिवसावर ठाम राहिल्या तर दीड दिवसच करा, आणि त्या दीड दिवसात त्यांना पाटावर बसवून मोदक वाढा.

फोन लांबवू नका. रेल्वेचं आरक्षण आता फक्त ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. कोण कधी जाणार, हे त्याआधी ठरलेलं हवं.