वाचकांचे प्रश्न : मेणवलीच्या घाटावरची तार आणि बादली

प्रश्न : आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाईजवळ मेणवलीच्या घाटावर फोटो काढला. देवळाच्या शिखरावरून विजेची तार गेली आहे आणि खालच्या पायरीवर कोणाची तरी निळी बादली दिसते. मोबाइलमधल्या ॲपने दोन्ही काढून पाहिले, तर शिखराची कड विरघळल्यासारखी झाली आणि पायऱ्या वाकल्या. संगणकावर फोटो सुधारण्याचे जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात हे नीट जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, आणि त्यासाठी पैसे मोजून दुसरे सॉफ्टवेअर घेण्याचीही गरज नाही. ॲप आजूबाजूचे चित्र पाहून रिकामी जागा अंदाजाने भरते. मोकळ्या आकाशात तो अंदाज खपून जातो, पण घडीव दगडाच्या सरळ रेघांत लगेच उघडा पडतो. जिम्पमध्ये मूळ लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत करून घ्या आणि सगळे काम त्या प्रतीवरच करा.

आकाशातल्या तारेसाठी ‘हील’ हे साधन वापरावे. ब्रश तारेपेक्षा थोडाच जाड ठेवून कंट्रोल दाबून शेजारच्या आकाशावर क्लिक करावे, म्हणजे नमुना तिथून घेतला जातो. मग तारेच्या एका टोकाला क्लिक करून थोड्या अंतरावर शिफ्ट दाबून पुन्हा क्लिक केले की मधला तुकडा एका फटक्यात पुसला जातो. तार नेहमी झोळ पडलेली असते, त्यामुळे एकदम या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याचा मोह आवरून लहान लहान तुकड्यांनीच पुढे सरकावे. शिखरापाशी मात्र हील थांबवायचे. हे साधन नमुन्याचा पोत घेते, पण रंग आणि उजेड आजूबाजूशी जुळवून घेते. त्यामुळे काळ्या दगडाची छटा आकाशात उतरते आणि कडेला मळकट डाग पडतो. तिथे ‘क्लोन’ घ्यावे, कारण ते नमुना जसाच्या तसा उमटवते. ब्रशची कड फार मऊ ठेवली तर शिखर पुन्हा धूसर दिसेल.

बादलीचे काम अधिक चिकाटीचे आहे. नमुना त्याच पायरीवरून, बादलीच्या उजव्या किंवा डाव्या बाजूने घ्यावा, वरच्या पायरीवरून नव्हे, कारण प्रत्येक पायरीवरचा उजेड आणि ओल वेगळी असते. नमुन्यासाठी कंट्रोल दाबून पायरीच्या धारेवर क्लिक करून त्याच धारेवरून रंगवायला सुरुवात केली की रेघ तुटत नाही. एकच भेग किंवा शेवाळाचा ठिपका शेजारी-शेजारी दोनदा उमटला तर पाहणाऱ्याचे लक्ष नेमके तिथे जाते, म्हणून नमुन्याची जागा अधूनमधून बदलावी. आणि बादली गेली तरी कृष्णेच्या पाण्यात तिचे निळे प्रतिबिंब उरले असेल, दगडावर सावलीही असेल. ती विसरू नका. (घाईत केलेल्या कामात हीच चूक सर्वाधिक दिसते.) चित्र शंभर टक्के आकारात पाहून काम करावे, पण मधूनमधून पूर्ण चित्रही पाहावे, नाहीतर कोणाच्या नजरेस येणार नाही अशा दगडावर तासभर जातो.

प्रश्न : असा फोटो स्पर्धेला पाठवता येतो का?

उत्तर : ते स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून आहे. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत चित्रातली वस्तू काढणे किंवा नवी घालणे मान्य नाही. कडा कापणे चालते. बादली अगदी कडेला असेल, तर तेवढी कड कापून पाहा.