ट्रेलरमध्येच अख्खी गोष्ट का सांगून टाकतात? मराठी ट्रेलर नक्की कोण बनवतं, आणि त्यातला सीन सिनेमात नसेल तर तक्रार करता येते का?

ट्रेलर एडिटर बनवतो आणि निर्माता बिघडवतो. एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही प्रश्नात पुढं "ट्रेलर कापणाऱ्यांना अक्कल नसते का" असंही विचारलंय, आणि मी कोल्हापुरात बसून हेच काम करतो. तेव्हा आता सगळं ऐका.

सिनेमाचं एडिटिंग संपायच्या आधीच ट्रेलरचं काम सुरू होतं. माझ्याकडे येतो तो रफ कट, म्हणजे सिनेमाची कच्ची जोडणी. कोपऱ्यात टाइमकोड पळत असतो, व्हीएफएक्सच्या जागी हिरवा पडदा असतो, पार्श्वसंगीत कुठल्यातरी परदेशी सिनेमातून तात्पुरतं उचलून लावलेलं असतं. मी तो एकदा बघतो आणि एकदा नुसता ऐकतो, कारण ट्रेलरचा कणा म्हणजे संवाद. चांगली वाक्यं वेगळी काढायची, सीनचा क्रम डोक्यातून पुसायचा, मग एका सीनमधला प्रश्न आणि भलत्याच सीनमधलं उत्तर शेजारी ठेवायचं. ते बसलं की संगीत, मग शॉट, मग मधली अक्षरांची कार्डं. तिकडे दिग्दर्शक सिनेमा कापतच असतो. मी घेतलेला शॉट त्यानं नंतर उडवला, तर तो ट्रेलरमध्ये उरतो आणि सिनेमात सापडत नाही. यात कसलं कारस्थान नसतं.

आता "सगळं का सांगतात". माझे वडील इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा ट्रेलर डब्यातून यायचा. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे अडीच मिनिटांचा ट्रेलर २२५ फूट. तो टेप लावून रिळाला जोडायचा आणि काम झालं की कापून परत डब्यात. बघणारा माणूस तिकीट काढून अंधारात बसलेला असायचा, उठून जाणार कुठं? आता ट्रेलर अंगठ्याखाली असतो. यूट्यूबवर जाहिरात म्हणून सोडला तर पाच सेकंदांनी "स्किप" उमटतं. म्हणून हल्ली ट्रेलर सुरू होण्याआधी त्याच ट्रेलरमधले चार दणके पाच सेकंदांत कोंबलेले दिसतात. माणूस निसटेल ही भीती आहे, आणि घाबरलेला निर्माता हातात आहे ते सगळं बाहेर काढून ठेवतो. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. ट्रेलर फार लांबतात आणि फार सांगतात ही ओरड अमेरिकेतही आहे. २०१४ मध्ये तिथल्या थिएटरमालकांच्या संघटनेनं ट्रेलर दोन मिनिटांत संपवा अशी सूचना काढली होती. सक्ती नव्हतीच, त्यामुळे अडीच मिनिटं चालूच राहिली.

माझं स्वतःचं भांडण दोन सेकंदांवरून झालं होतं.

सिनेमा छोटा होता. एक रिटायर्ड एसटी कंडक्टर, मुंबईतल्या मुलाची पत्रं येतात, म्हातारा ती पारावर वाचून दाखवतो. मध्यंतराला कळतं की मुलगा कधीच गेलाय आणि पत्रं सून लिहितेय. सगळा सिनेमा या एका गोष्टीवर टांगलेला. मी ट्रेलर कापला तो पत्रांवर. म्हातारा वाचतोय, पारावरचे हसतायत, सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकतेय. तिचा चेहरा मी जरा जास्त वेळ धरला होता. ज्याला शंका यायची त्याला यावी, बाकीच्यांना नाही आली तरी चालेल.

निर्माते इथलेच, गुळाच्या व्यापारातले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. ट्रेलर बघून म्हणाले, "पोराचा हार घातलेला फोटो कुठं हाय?"

म्हटलं, "अण्णा, तो मध्यंतरानंतर येतो."

"पर रडू तिथंच येतंय की! फोटो घाल. खानावळीतनं मटनाचा वास रस्त्यावर आल्याबिगर गिऱ्हाईक आत येत न्हाई."

"वास सोडूया की. तुम्ही ताटच बाहेर मांडायला सांगताय."

दिग्दर्शक शेजारी बसून चहा पीत होता. पहिलाच सिनेमा, अण्णांचाच पैसा, तो काय बोलणार. मग अण्णांनी त्यांचं ठेवणीतलं काढलं. म्हणाले, "पावनखिंडीत शेवटाला काय हुतंय, हे हितल्या शाळेतल्या पोराला बी ठावं हाय. तरी त्यावरचा सिनेमा आला की गर्दी हुतीया का न्हाई?"

बिनतोड वाटतं ना? खोलीतल्या सगळ्यांना वाटलं. पण पावनखिंडीचा शेवट ही कुणी लपवलेली गोष्ट नाहीच. बाजीप्रभू पडणार हे माहीत असूनच आपण जातो, ते कसे उभे राहतात हे बघायला. आमच्या म्हाताऱ्याला घराबाहेर कोण ओळखत होतं? त्याच्याकडे ते एकच गुपित होतं. हे मी तेव्हाच बोललो होतो. अण्णा म्हणाले, "तू टेक्निकल माणूस हायस, पब्लिक मला कळतंय." फोटो ट्रेलरमध्ये गेला. अठ्ठेचाळीस फ्रेम, म्हणजे तेच दोन सेकंद, मागं व्हायोलिन.

पहिल्या शुक्रवारी मी इथंच एका थिएटरात मागच्या रांगेत बसलो होतो. सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नसतील. पडद्यावर म्हाताऱ्यानं पहिलं पत्र उघडलं, चष्मा पुसला, आणि माझ्या पुढच्या रांगेतून आवाज आला, "आरं, त्यो मेलाय की कवाच!" हॉल हसला. त्यानंतर प्रत्येक पत्राला हसला. ज्या नटानं तो म्हातारा केला होता, तोही हॉलमध्येच होता.

अण्णांचा मुलगा इंजिनीअर आहे. नंतर त्यानं मला एक अमेरिकन संशोधन पाठवलं. २०११ चं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतलं. शेवट आधी कळलेल्या कथा लोकांना उलट जास्त आवडल्या, असा त्याचा निष्कर्ष. मी वाचलं. त्यात विद्यार्थ्यांना छापील लघुकथा वाचायला दिल्या होत्या. त्यांतल्या कुणी कथेसाठी खिशातून पैसे मोजले नव्हते, बायकापोरांना घेऊन रिक्षानं आलं नव्हतं, आणि शेजारी शंभर अनोळखी माणसं बसली नव्हती. एकटा वाचणारा हसत नाही हो. हॉलमध्ये एक हसला की सगळे हसतात.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्हाला मित्रांसोबत लघुपट करायचाय आणि त्याचा ट्रेलर स्वतः कापायचाय. स्वतः कापू नका. ज्यानं शूटिंगला ऊन खाल्लंय त्याला प्रत्येक शॉट महाग वाटतो. बाहेरच्या कुणाला तरी द्या. मुंबईत नुसते ट्रेलरच कापणारे लोक आहेत. आपल्याकडे बहुतेक वेळा सिनेमाच्याच एडिटरच्या गळ्यात ते काम पडतं, तेही डीआय (रंग जुळवण्याचं काम) आणि आवाजाच्या मिक्सिंगच्या धावपळीत, जवळपास फुकट. कापून झाल्यावर सिनेमा न बघितलेल्या माणसाला दाखवा आणि "कसा वाटला" हे विचारू नका, सगळे छानच म्हणतात. "पुढं काय होईल" ते विचारा. त्यानं बरोबर सांगितलं तर तुमचं काम बाकी आहे. आणि हे सगळं पैसे घालणाऱ्याशी शूटिंगच्या आधी बोलून घ्या, जमलं तर लिहून घ्या. बाबूराव पेंटर १९२० च्या दशकात याच गावात आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत होते. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे चित्र काढणाराच ठरवायचा. त्या कोल्हापुरात आता हे कोण ठरवतं, तर अण्णा.

तक्रारीचं विचाराल तर फार आशा ठेवू नका. २०१६ च्या "फॅन" सिनेमाच्या प्रोमोमधलं गाणं सिनेमात नव्हतं, म्हणून आपल्याच राज्यातल्या एका शिक्षिकेनं ग्राहक मंचात धाव घेतली. राज्य आयोगानं १०,००० रुपये भरपाई आणि खर्चाचे ५,००० द्यायला सांगितले, राष्ट्रीय आयोगानंही ते उचलून धरलं. पण एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. प्रोमो तिकीट काढायला प्रवृत्त करतो, त्यात दाखवलेलं सिनेमात असेलच असा करार तो करत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मला ते पटतं. वर सांगितलं तसं, ट्रेलर निघतो तेव्हा सिनेमाच तयार नसतो. थिएटरात लावायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, पण ट्रेलर किती सांगतो याच्याशी सेन्सॉरला देणंघेणं नाही.

विनोदी सिनेमाला हे सगळं इतकं लागू नाही. तिथं दोन चांगले पंच बाहेर सोडावेच लागतात. ऐतिहासिकचं वर आलंच. आणि अण्णांच्या बाजूचंही एक सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल एकतर्फी लिहिलं. आमच्या सिनेमाला बहुतेक ठिकाणी सकाळचे शो मिळाले होते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला कंडक्टरची गोष्ट बघायला कोण येणार? ट्रेलर कसाही कापला असता तरी गल्ला फार वाढला नसता, हे मला मान्य आहे. पण जे आले होते, त्यांना ते पहिलं पत्र खरं वाटायला हवं होतं.