"शाळेत बाबांना पाठव, तू नको येऊस"

आधी पत्र, थोडं कापून देतेय.

"ताई, मी 36 वर्षांचा, भांडुपला राहतो, मूळ आम्ही उरणकडचे. बायको नागालँडची, दिमापूरची, सुमी नागा जमातीची. 2011 ला पुण्यात कॉलेजमध्ये ओळख झाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. आई आमच्याकडेच असते. या संक्रांतीला बिल्डिंगच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, तिथे खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्या मुलीची हनुवटी धरून म्हणाल्या, डोळे बाबांवर गेले असते तर सोनं झालं असतं. आई म्हणाली, काय करणार, आमच्या घरात मोमो आलाय. सगळ्या हसल्या. मी खुर्च्या लावत होतो, मी पण हसलो. बायको काहीच बोलली नाही. दोन आठवड्यांनी मुलगी तिला म्हणाली, शाळेत घ्यायला बाबांना पाठव, तू नको येऊस. तेव्हापासून बायको मुलीच्या खोलीत झोपते, खाली कोणाकडे जात नाही, आणि ऑफिसात तिने गुवाहाटीला ट्रान्सफर मागितलीय हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी दोनदा सॉरी म्हणालो. आई मनाने वाईट नाहीये, ती सगळ्यांचीच थट्टा करते. बायको जास्तच मनाला लावून घेतेय का? आईला न दुखवता हे कसं मिटवू?"

अरे दादा,

जास्त मनाला लावून घेतेय का, याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. मला तर वाटतं इतकी वर्षं तिने दाखवलंच कमी आणि तुला त्याची सवय होऊन गेली.

तू मला ताई म्हटलंस म्हणून अरे-तुरे करतेय आणि स्पष्ट बोलतेय. "मी पण हसलो" हे तू लपवू शकला असतास, पत्रात कोण बघायला येणार होतं, पण तू लिहिलंस, म्हणून मला तुझ्याबद्दल आशा आहे. फक्त त्या तीन शब्दांपाशी तू थांबला नाहीस, लगेच आईचं मन कसं आहे ते सांगायला लागलास.

2011 ला ओळख झाली म्हणतोस, म्हणजे 2012 च्या ऑगस्टमध्ये ती पुण्यातच असणार ना? आसाममध्ये दंगली पेटल्या होत्या, मग पुण्यात ईशान्येकडच्या पोरांना मारहाण झाली, आणि मग बंगळुरू, पुणे, चेन्नई सगळीकडे अफवा फिरायला लागल्या की तुमच्यावर हल्ले होणार, निघा इथून, आणि हजारो मुलंमुली मिळेल त्या गाडीत बसून गुवाहाटीकडे निघून गेली. सरकारने तेव्हा दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घातली होती. आपल्याला त्या दिवसांतलं काय आठवतं, तर मेसेज जात नव्हते. तिला काय आठवतं ते तू कधी विचारलंयस का? ती होस्टेलवर थांबली का स्टेशनवर गेली, घरून फोन आला तेव्हा आईला काय सांगितलं, रात्री दाराला कडी लावून झोप लागली का? माझा अंदाज आहे नसशील विचारलं. तिनेही आपणहून सांगितलं नसेल, कारण नवीन नवीन ओळख असताना आवडत्या मुलासमोर असलं कोण काढतं.

मग 2014 च्या जानेवारीत दिल्लीत लाजपत नगरला नीडो तानियाचं झालं. अरुणाचलचा विद्यार्थी, दुकानात कोणीतरी त्याच्या केसांवरून खिल्ली उडवली, त्यावरून भांडण, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. केंद्राने नंतर एम. पी. बेझबरुआ यांची समिती नेमली, जुलै 2014 मध्ये तिचा रिपोर्ट आला, कायदा कडक करा, शाळेच्या अभ्यासात ईशान्येचा इतिहास आणा, बरंच काही त्यात होतं. पण सुरुवात बघ ना कशाने झाली होती, एका हसण्याने. म्हणून हॉलमधलं हसणं तुझ्या कानाला वेगळं ऐकू येतं आणि तिच्या कानाला वेगळं. तिच्याकडच्या प्रत्येक घरात ही नावं माहीत असतात रे, जशी आपल्याकडे 26 जुलै म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

याला मानसशास्त्रात रेशियल ट्रॉमा म्हणतात, म्हणजे वंशावरून मिळालेल्या वागणुकीने मनाला झालेली जखम. एकाच मोठ्या घटनेची गरज नसते, लोकलमध्ये कोणीतरी चिनी म्हणून कुजबुजतं, रिक्षावाला नेपाळ का म्हणून विचारतो, रूम बघायला गेलं की घरमालक आधार कार्ड दोनदा उलटंपालटं करून बघतो, आणि हे सगळं अंगात साठत जातं. मग माणूस गाडीत कोपऱ्यातली सीट शोधतो, कानात इअरफोन घालतो पण गाणं लावत नाही, कारण मागे कोण काय बोलतंय ते ऐकू आलं पाहिजे. घरी आलं की हे सगळं उतरवून ठेवता येतं, त्याच्यासाठीच तर घर असतं. तुझ्या बायकोचं ते घर संक्रांतीला गेलं.

आता माझं सांगते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये, आपल्या कलिन्यात मणिपूरच्या एका मुलीवर बाईकवरून जाणारा माणूस थुंकला, राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली होती. मी बातमी वाचून हळहळले. आणि त्याच दिवसांत आमच्या इथे भाजीच्या रांगेत माझ्या पुढे एक तशीच मुलगी उभी होती आणि मी दोन पावलं मागे सरकले, बाकीच्यांनी ठेवलं होतं त्यापेक्षा जास्त अंतर. तिने मान वळवून बघितलं, मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, मग हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि परत समोर बघायला लागली. मी तिला एक शब्द बोलले नव्हते. मनाने मी पण वाईट नाहीये रे, पण माझं मन तिला कुठून दिसणार, तिला पावलं दिसली. त्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर आली होती, अजून डोळ्यासमोर आहे.

आता पोरीचं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ नवराबायको होते, दोघंही कृष्णवर्णीय. त्यांनी 1940 च्या आसपास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या, सगळ्या सारख्याच, फक्त रंग वेगळा. छान कुठली विचारलं तर बऱ्याच मुलांनी गोरी दाखवली, वाईट कुठली विचारलं तर काळी. आणि मग विचारलं, यातली तुझ्यासारखी कुठली? त्या प्रश्नाला काही मुलं रडायला लागली, काही खोलीतून निघून गेली. गोऱ्या-काळ्यांच्या वेगवेगळ्या शाळा बेकायदा आहेत असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1954 ला दिला तेव्हा त्यात या कामाचा आधार घेतला होता.

तुझी मुलगी सहाची. तिला तर बाहुलीचीही गरज पडली नाही, थेट हनुवटी धरूनच सांगितलं. आई गेटवर आली की आपण कोणासारखे दिसतो ते सगळ्या वर्गाला कळणार, एवढंच गणित असेल तिच्या डोक्यात, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. तिला रागावू नकोस, "आईला असं बोलतात का" पण नको. बाबांना पाठव म्हणाली म्हणून तू एकटा जायला लागला असशील तर ते आधी बंद कर. दोघं मिळून जा, बायकोची तयारी असेल तर, आणि गेटवर तिच्या बाजूला उभा राहा, लांब बाईकवर बसून नको. वर्गात कोणी चिडवतंय का ते बाईंना भेटून विचार, मोघम नको, नेमकं कुठला शब्द वापरतात ते विचार. आणि दिमापूरच्या आजीशी रोज व्हिडिओ कॉल होऊ दे, तिच्या भाषेतले शब्द पोरीला यायला हवेत. तुला स्वतःला नऊ वर्षांत किती आले?

आता आई. "आईला न दुखवता" असं तू लिहिलंयस. दुखावेल ती, दादा. चार दिवस अबोला धरेल, जेवणार नाही म्हणेल, धरू दे. नऊ वर्षं एकटी बायको दुखावली जात होती तेव्हा घरात शांतता होती, त्यालाच तू सगळं नीट चाललंय असं समजत होतास.

पण आईला गुन्हेगार करून बोलू नकोस, तिच्या जवळचं काहीतरी घेऊन बोल. आपल्या स्थळांच्या जाहिरातीत अजूनही "गोरी, नाकीडोळी नीटस" छापून येतं. मी सावळी, लहानपणी माझ्या आत्याने डाळीचं पीठ आणि साय लावून मला इतकं घासलं होतं की कोपर सोलवटलं, आणि तिचा माझ्यावर खूप जीव होता. तुझ्या आईलाही कोणीतरी तिच्या रंगावरून, नाकावरून काहीतरी ऐकवलंच असेल, विचार तिला, बायका हे विसरत नाहीत. आणि तुम्ही उरणकडचे, म्हणजे सुकट, जवळा घरात असणारच. मुंबईत मासे खाणाऱ्यांना घर द्यायला कसं नाक मुरडतात ते तिला माहीत आहे. 2023 ला मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच चिडून पुढे पाठवला, तुझ्या आईच्या मोबाईलवर पण आला असेल. तेव्हा पोटात जे तुटलं होतं तेच सूनबाईला आपल्याच हॉलमध्ये झालं, हे तिला सांग. तिला कळेल, ती बाई आहे, सासरी आलेली आहे.

जाता जाता एक विचारते, तुमच्या घरात अखुनी शेवटची कधी शिजली? सुमी लोकांचं आंबवलेलं सोयाबीन, पानात बांधून चुलीजवळ ठेवतात, डुकराच्या मांसात घालतात, आणि त्याचा वास आपल्या सुकटीसारखाच घरभर फिरतो. एकाच स्वयंपाकघरात एक वास चालतो आणि दुसरा बंद झाला असेल, तर तो कधी बंद झाला ते आठवून बघ.

आणि आता मुख्य. तू दोनदा सॉरी म्हणालास, कुठे? घरात, दार लावून ना? अरे, अपमान हॉलमध्ये झाला, वाणाच्या ताटासमोर, बाराजणी हसत असताना, आणि माफी बंद खोलीत. चारचौघांत झालेलं चारचौघांतच मिटवावं लागतं. ती दुखावली हे घरातल्यांना कळून काय उपयोग, ज्यांनी ऐकलं त्यांना कळायला हवं की ते चूक होतं, तरच तिला त्या जिन्यातून परत खाली उतरता येईल.

आधी तिला विचार, मी हे सगळ्यांसमोर बोललो तर चालेल का? ती नको म्हणाली तर थांब. हो म्हणाली तर काकूंकडे एकटा जा, तिला सोबत नेऊ नकोस. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर लिही, लांबलचक नको, एवढंच: "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या मुलीच्या डोळ्यांवरून आणि बायकोवरून थट्टा झाली. मी तिथे होतो आणि मीही हसलो. ते चुकलं. यापुढे कोणी असं बोललं तर मी तिथल्या तिथे थांबवेन." स्वतःचं हसणं त्यात असलंच पाहिजे, ते गाळलंस तर नुसती तक्रार राहील. कोणी म्हणेल एवढं काय झालं, कोणी ग्रुप सोडेल. पण त्या हॉलमध्ये एखादी तरी बाई हसली नसेल बघ, तिला शोध, ती पुढे खूप उपयोगी पडेल. आणि हे समजावून सांगायचं काम बायकोवर टाकू नकोस, तिने नागालँडच्या हॉर्नबिल फेस्टिवलचे फोटो दाखवून आम्ही पण माणसंच आहोत हे पटवून द्यायचं, असलं काही नको. लोक तुझे आहेत, बोलायचं तू.

हे आपल्या मातीत नवीन नाहीये. जोतीराव फुल्यांनी 1873 ला "गुलामगिरी" लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. 1972 ला आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आलं. इतक्या लांबच्या माणसांचं दुखणं या लोकांना आपलं वाटलं, तुझं तर घरातलंच आहे.

ट्रान्सफरवरून भांडू नकोस. मैत्रिणीकडून कळलं असं खरं सांग आणि विचार, तुला जायचंय का इथून निघायचंय? दोन्ही वेगळं आहे. जायचंच असेल तर तूही गुवाहाटीत नोकरी बघू शकतोस की, ती बारा-पंधरा वर्षं आपल्या राज्यात काढतेच आहे. तुला बोलायला जड जात असेल तर 14416 ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिला नंबर देण्याआधी स्वतः फोन कर.

आणि हे पत्र तू तिच्या नकळत लिहिलंयस ना? आज रात्री पोरगी झोपली की तिला वाचून दाखव, माझं उत्तर नको, तुझं पत्र. "मी पण हसलो" तिथे आलास की थांब, लगेच पुढची ओळ वाचू नकोस. ती काय म्हणते ते ऐक, मध्ये बोलू नकोस, मग मला परत लिही, या वेळी तिला सांगून.