काकांचं दूध

प्रश्न : गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होऊन तीन महिने झाले. परवा सख्ख्या काकांच्या गाईच्या दुधाचं एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ७.८ लागलं, म्हणजे दर कापला जाणार. सचिव हळूच म्हणाला, "८.५ लिहून टाकू का?" काकांनीच घरोघरी फिरून मला निवडून आणलंय. काय करू?

उत्तर : सचिवाने विचारलं तरी. आज तुम्ही नुसती मान हलवलीत, तर उद्या तो विचारणारही नाही.

पण काकांना आधीच चोर ठरवू नका. कॅन तळापासून ढवळून नमुना पुन्हा घ्या, त्यांच्या डोळ्यांदेखत लावा. पाणी पडलं असेल तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. एकटं फॅट उतरलं तर बहुधा कडबा कमी पडलाय. पुन्हा ७.८ आलं तर ७.८ च लिहा.

मी अकरा वर्षं चेअरमन होतो. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याच कॅनचं फॅट ३.१ लागलं. ३.५ च्या खाली, म्हणजे दर कापला जाणार. मागे पंधरा-वीस जणांची रांग, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. निमूटपणे पावती खिशात घातली. (खोटं कशाला बोलू, रांग नसती तर काय केलं असतं, देव जाणे.)

काकांकडे संध्याकाळी स्वतः जा. दर कापल्याचं त्यांना पारावर कळायला नको. चहा मिळेलच असं नाही; माझ्या मेव्हण्याने दिवाळीपर्यंत दिला नव्हता.