स्टॅम्पपेपरवर बापाचे हक्क सुटत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घटस्फोट वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात झाला, मुलगा ९ वर्षांचा आहे, वडील ६ वर्षांत फिरकले नाहीत. आता तुमचं दुसरं लग्न ठरलंय आणि मुलाचे वडील म्हणतात, "पोटगी सोडा, मी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मुलावरचे हक्क सोडल्याचं लिहून देतो."

हा सौदा कृपा करून करू नका. सही करून बापपण सोडून द्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. नोटरीच्या शिक्क्यानं तो कागद काही न्यायालयाचा हुकूम होत नाही. उद्या तेच गृहस्थ भेटीसाठी अर्ज घेऊन आले, तर न्यायाधीश मुलाचं हित बघतील. शिवाय ही पोटगी मुलाची आहे. ती परस्पर सोडून द्यायचा अधिकार तुम्हालाही नाही.

पण ते सहीला तयार आहेत ना, मग ती सही योग्य जागी घ्या. तुम्ही दोघं हिंदू आहात असं धरून सांगते: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली निकालानंतरही ताब्यासाठी अर्ज करता येतो. त्यात कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सही केलेल्या तडजोडीच्या अटी, दाखल करा. ताबा आईकडे, शाळा आणि उपचारांचे निर्णय आईचे, पोटगी किती, भेटी कशा, सगळं लिहा. पासपोर्टचं वेगळं कलम घालाच, नाहीतर वडिलांच्या संमतीपाशी गाडी अडते.

त्यांनी शब्द फिरवला, तर अर्ज लढवावा लागेल. शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, बँकेचं स्टेटमेंट आतापासून जमवा. त्यांचा नवा पत्ता माहीत असताना जुना देऊ नका. समन्स नीट बजावलं नाही म्हणून एकतर्फी हुकूम रद्द होऊ शकतो.

कायद्यानं नातं तुटतं ते दत्तकानं. तुमच्या नव्या यजमानांनी मुलाला दत्तक घ्यायचं, तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याच्या कलम ९ प्रमाणे जन्मदात्याची संमती लागते. सूट तिघांनाच: संन्यास घेतलेला, हिंदू धर्म सोडलेला, न्यायालयानं मनोरुग्ण ठरवलेला. वर्षानुवर्षं तोंड न दाखवणारा त्यात बसत नाही, आणि बऱ्याच जणी इथेच अडकतात. म्हणून त्यांची लेखी संमती दत्तकपत्रातच घ्या आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. एकदा झालेलं वैध दत्तक रद्द करता येत नाही, आणि जन्मदात्याकडून पुढची पोटगी मागता येत नाही. त्यामुळे थकलेली रक्कम दत्तकाच्या आधी वसूल करा.